बुरुजापाशी एक दिवा

मला फक्त एक दिवा हवा होता. साधा, खांबावरचा, कुठल्याही रस्त्यावर असतो तसला. हे वाक्य मी इतक्या टेबलांपुढे उभं राहून म्हटलंय की हल्ली झोपेतही तेच पुटपुटतो, असं बायको सांगते. ती माझ्याविषयी जे जे सांगते त्यातलं बरंचसं मी मनावर घेत नाही, पण हे खरं असावं.

दिवा हवा होता अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. उभी हयात टपाल खात्यात पत्रांची छाननी करण्यात गेली. पाकिटावर अर्धंच नाव आणि खाली नुसतं गाव असलं, तरी ते पत्र कुठल्या गल्लीत जायचंय हे त्यांना कळायचं. अलीकडे मात्र स्वतःचाच पत्ता त्यांच्या हातून निसटायला लागला होता. आधी फ्लॅटचा नंबर गेला, मग इमारतीचं नाव, मग मजला. डॉक्टरांनी या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं आणि वर ते कागदावर लिहूनही दिलं. विसरू नये म्हणून.

एक गोष्ट तेवढी त्यांच्या डोक्यात शाबूत होती, ती म्हणजे बुरूज.

आमच्या इमारतीसमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे बुरूज. जुन्या तटबंदीतला हा एवढाच शिल्लक राहिलाय. गोल, काळ्या दगडाचा, आणि वरची कड एका बाजूला फुटलेली, समोरचा दात पडल्यासारखी. अण्णा रोज संध्याकाळी बुरुजाभोवती चालायचे. फुटकी कड डोक्यावर आली की तोंड फिरवायचं, रस्ता ओलांडायचा, जिना चढायचा. जे दार उघडं असेल ते आपलं. ही पद्धत कधीही फसली नाही. एकदा खालच्या मजल्यावर जाऊन, चहा पिऊन, त्या घरातल्या बाईंना "साखर कमी पडली गं सूनबाई" असं सांगून आले होते, पण तो दोष मजल्याचा. बुरुजाने आपलं काम चोख केलं होतं.

मग एका संध्याकाळी ते उशिरा आले, तेव्हा हनुवटी फुटलेली होती आणि गुडघ्याशी पायजमा फाटलेला. बुरुजाच्या मागच्या अंगाला फरशी उखडलेली आहे आणि तिथे मिट्ट काळोख असतो. मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. 'अपुऱ्या उजेडामुळे पाय अडखळून पडणे' हे शब्द मी रोज वाचतो आणि रोज त्यांच्यावर संशय घेतो. त्याचाच पगार मिळतो मला. त्या दिवशी दावेदार माझ्याच घरात मोरीपाशी उभा होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, आणि मला संशय घेताच येईना.

"अहो, तिथे एक दिवा लावायला सांगा ना कुणाला तरी," बायको कापूस शोधता शोधता म्हणाली.

'कुणाला तरी'. संसारातल्या मोठमोठ्या संकटांची सुरुवात याच दोन शब्दांनी होत असावी.

जिन्यात ब्रिगेडियर भेटले. हे आमच्या वर राहतात. सैन्यात ते कधीही नव्हते, कापडाच्या गिरणीत होते. पण मिशी आणि आवाज यांच्या जोरावर त्यांना ही बढती मिळालेली आहे. त्यांना सगळं सांगितलं.

"दिवा?" ते गरजले. "दिव्याने काय होतंय? सर्चलाइट मागा, सर्चलाइट! मागितल्याच्या निम्मं मिळतं नेहमी."

"मला निम्मंच हवंय हो."

"मग तेही मिळणार नाही."

तळमजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं, दिवा पांढराच पाहिजे. पिवळा उजेड बघितला की त्यांना आत कुठेतरी कीड लागल्यासारखं वाटतं. मी दोघांचेही आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून नगरपालिकेच्या विद्युत विभागात गेलो.

"लावू की दिवा," तिथला कारकून फारच प्रेमाने म्हणाला. "खांब कुठेय?"

"खांबच नाही, म्हणून तर आलोय."

"खांब नाही तर दिवा कशावर लावू? हातात धरून उभा राहू?"

"मग खांबही लावा."

"खांब स्थापत्य विभाग. आमचा फक्त दिवा."

स्थापत्य विभागाने खांब द्यायची तयारी दाखवली, पण खांबाला खड्डा लागतो आणि बुरुजाच्या आसपास खड्डा खणायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पुरातत्त्व खात्यातले अधिकारी अतिशय सुसंस्कृत. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत अत्यंत गोड शब्दांत नकार दिला.

"असं बघा," ते म्हणाले, "या बुरुजाने अंधारात शतकं काढलीयेत."

"बुरुजाने काढली हो. माझ्या वडिलांना जमत नाहीये."

यावर ते खरोखरच विरघळले. ड्रॉवर उघडून त्यांनी एक छापील अर्ज काढला. सुटा दिवा लावायची सोय त्यांच्याकडे नव्हती. पण 'वारसा वास्तू प्रकाशयोजना' नावाची एक योजना होती. तिच्यातून अख्खा बुरूज उजळायला मागितला, तर त्यात एखादा दिवा मागच्या बाजूलाही बसवता येईल, असं त्यांचं म्हणणं. माणूस जसा उपाशी पोटी दुकानात जातो आणि नको ते घेऊन येतो, तशी मी सही केली.

आता हा अर्ज धूळ खात पडेल अशी माझी रास्त अपेक्षा होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या स्वतःच्या टेबलावर मी कितीतरी कागदांना तशी विश्रांती दिलेली आहे. पण आमच्या भागातल्या नगरसेवकांना त्याच सुमारास उद्घाटन करण्यासाठी काहीतरी हवं होतं आणि जवळपास काहीच तयार नव्हतं. अर्ज मंजूर झाला. वर्तमानपत्रात 'जागरूक नागरिकाच्या पाठपुराव्याला यश' अशी बातमी आली. नाव माझं होतं, फोटो दाताच्या डॉक्टरांचा. त्यांच्या दवाखान्यात त्या आठवड्यात म्हणे बरीच गर्दी झाली. मी ते कात्रण अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, "बरा दिसतोस फोटोत."

मग बाई आल्या.

त्यांचा व्यवसाय जुन्या वास्तूंची प्रकाशयोजना करण्याचा. असा काही व्यवसाय असतो हे आमच्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे सगळ्यांनीच त्यांना सल्ले द्यायला सुरुवात केली. बाई ऐकून घ्यायच्या आणि दिवस कलला की बुरुजासमोरच्या फुटपाथवर पाय पसरून बसायच्या. दुसरं काही नाही, नुसत्या बसायच्या. ब्रिगेडियर गॅलरीतून दुर्बीण लावून त्यांच्यावर पाळत ठेवून होते.

शेवटी मीच जाऊन विचारलं, "दिवे कधी लावणार आपण?"

"आधी अंधार बघून घेते," त्या म्हणाल्या. "कुठला ठेवायचा, कुठला काढायचा."

मी शेजारी बसलो. माझ्यासारख्या पँटला इस्त्री करून घालणाऱ्या माणसाने फुटपाथवर बसणं हीच एक घटना होती. बाई सांगत गेल्या. समोरून झोत मारला की दगड सपाट दिसतो, ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. माणूस असतो, पण चेहरा नसतो. तोच उजेड भिंतीच्या बुडाशी ठेवून तिला घासत वर सोडला, की एकेक दगडाचं पोट दिसायला लागतं. दिवा दिसता कामा नये, उजेड दिसला पाहिजे. आणि सगळ्यात आधी जिथे माणसाचा पाय पडतो तिथे, भिंतीचं नंतर.

"वरती वटवाघळं आहेत," त्या म्हणाल्या. "तिथे काही लावणार नाही मी. ती फुटकी कड आकाशासमोर काळीच छान दिसते."

मग मी त्यांना अण्णांबद्दल सांगितलं. इतक्या कचेऱ्या फिरलो होतो, पण "ते कुठून कुठे चालतात?" असं विचारणारं हे पहिलंच माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या अण्णांबरोबर चालल्या. अण्णा एरवी परक्यांशी बोलत नसत. पण बाईंना ते हात धरून घेऊन गेले, वर बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे बघ, हा तुटका भाग आला की वळायचं. समोर घर. चुकायचं कामच नाही." बाईंनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर तिथे एक खूण केली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी थोडे दिवे आणून वायरीवर तात्पुरते लावून बघितले. दिवस मावळत होता. आधी काही कळलंच नाही. मग आकाश निळसर काळं होत गेलं आणि बुरूज हळूहळू वर आला, म्हणजे पाण्यातून काही वर यावं तसा. मऊ, मधासारखा उजेड. पायाखालची उखडलेली फरशी स्पष्ट दिसत होती. दगड एकेक मोजून घ्यावा असा दिसत होता, आणि वर, उजेड जिथे संपत होता तिथे, ती फुटकी कड होती तशीच, काळी.

अण्णा माझ्याशेजारी उभे होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं इथे राहतो, याच्याकडे कधी नीट बघितलंच नाही रे." आणि त्यांनी मला हाक मारली. माझं लहानपणीचं नाव, जे आता दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. त्या नावाला मी ओ दिली तेव्हा माझा आवाज जरा चिरका आला. जागरूक नागरिकाला ते शोभलं नाही, पण आला.

तेवढ्यात वरून ब्रिगेडियर ओरडले, "अहो, लावलेत का दिवे? की लावायचेत अजून?"

हाच प्रश्न समितीच्या बैठकीत नगरसेवकांनी जरा वेगळ्या शब्दांत विचारला. समिती म्हणजे ते स्वतः, अभियंता, बाई, आणि नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मी.

"बाई, तुमचं काम सुंदर आहे, वादच नाही," नगरसेवक म्हणाले. "पण लोकांना दिसायला नको का, आपण काहीतरी केलंय ते? तिकडच्या मोठ्या पुलावरून दिसलं पाहिजे. रंग पाहिजे, हालचाल पाहिजे!"

"बुरूज हालत नाही," बाई म्हणाल्या.

"तेच तर. दिव्यांनी हालल्यासारखा दिसेल."

मी उठून बोललो. मी सहसा उठून बोलत नाही. आमच्या कचेरीत बसूनही फारसा बोलत नाही. पण त्या दिवशी बोललो. उखडलेल्या फरशीबद्दल, म्हाताऱ्या माणसांच्या नजरेबद्दल, त्या संध्याकाळच्या उजेडाबद्दल. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. इतिवृत्तात पुढे छापून आलं ते असं: 'उपस्थित नागरिकांनी प्रकाशयोजना भव्य असावी अशी भावना व्यक्त केली.'

बाईंनी काम सोडलं. आपले दिवे खोक्यात भरताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "मागच्या वाटेवरचा दिवा तेवढा गाळू नका, असं सांगून ठेवलंय मी अभियंत्याला. त्याने हो म्हटलंय." मग म्हणाल्या, "अण्णांना सांगा, मला त्यांच्याबरोबर चालायला आवडलं." मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "कोण बाई?"

पुढचं काम रोषणाईच्या ठेकेदाराकडे गेलं. हा लग्नसमारंभ, मेळावे आणि दुकानांची उद्घाटनं यांना दिवे पुरवणारा मनुष्य. अत्यंत उमदा आणि उत्साही. "रंग कुठले पाहिजेत?" त्याने मला विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाला, "सगळे आहेत." महिनाभर बुरुजाला बांबू आणि वायरींनी वेढून टाकलं होतं. अण्णांचं चालणं बंद पडलं. ते खिडकीत बसून बघत आणि विचारत, "आजारी आहे का तो?"

उद्घाटनाच्या संध्याकाळी मला व्यासपीठावर खुर्ची मिळाली. मागच्या रांगेत, ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याला लागून. समोर पहिल्या रांगेत बायको आणि तिच्या शेजारी अण्णा. इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले. भाषणं झाली. नगरसेवकांनी बटण दाबलं. आणि अख्ख्या रस्त्यावरचे दिवे गेले.

लोकांना वाटलं, हीच ती नवी योजना. टाळ्या पडल्या. दाताचे डॉक्टर मोठ्याने "वा!" म्हणाले. अंधारात ठेकेदाराची माणसं धावली, कुणीतरी कुणालातरी शिवी दिली, आणि मग एकदम तो उजेड आला.

आधी जांभळा. मग हिरवा. मग गुलाबी, आणि नंतर एक निळा, ज्यात समोरच्या सगळ्या माणसांचे चेहरे बुडाल्यासारखे दिसले. वटवाघळं भर्रकन उठली आणि पार दिसेनाशी झाली. बुरुजाचा एकही दगड दिसत नव्हता. तो रंगीत प्लास्टिकच्या डब्यासारखा दिसत होता. पण माझं लक्ष वर गेलं. फुटका भाग बरा दिसत नाही म्हणून ठेकेदाराने तिथे तारेचा सांगाडा करून दिव्यांची माळ सरळ पलीकडे ओढून घेतली होती. कड पूर्ण झाली होती. बुरूज सगळीकडून सारखा झाला होता.

मी खाली बघितलं. अण्णा उभे राहिले होते आणि बायकोचा हात ओढत होते. तिने नंतर सांगितलं, ते म्हणत होते, "चल, उतरायचं स्टेशन मागे गेलं." ती पिशवी उचलायला वाकली, आणि तेवढ्यात ते गर्दीत दिसेनासे झाले.

मी व्यासपीठावरून उतरण्याऐवजी माइकपाशी गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. नगरसेवकांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणालो, "अण्णा, जिथे असाल तिथेच थांबा. हलू नका. मी येतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे.

ब्रिगेडियर पुलाच्या दिशेने धावले, डॉक्टर बाजाराकडे, बायको घराकडे. मी बुरुजाभोवती निघालो. पुढची बाजू इतकी झगमगीत होती की मागे वळल्यावर डोळ्यांना काहीच दिसेना. मागचा दिवा लावलेला नव्हता. पुलावरून ती बाजू दिसत नाही. मी हाताने भिंत चाचपत गेलो आणि माझा पाय त्यांच्या चपलेवर पडला.

ते उखडलेल्या फरशीवर कुशीवर पडले होते. ओरडत नव्हते. मी खाली बसलो तर माझा हात धरून, अगदी हळू आवाजात, जणू कुणाची तक्रार करतोय असं कळू नये म्हणून, म्हणाले, "केव्हाचा फिरतोय रे मी. वळायची जागा येतच नाही."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, बरं झालं असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाड बरं झालं. चालणं संपलं. मी इस्पितळाच्या बाकावर बसून मनातल्या मनात तो दावा कितीदा तरी लिहून काढला. 'अपुऱ्या उजेडामुळे' असं लिहायचं की 'जास्त उजेडामुळे', इथेच अडायचो.

घरी आणल्यावर त्यांची खाट पूर्वीच्याच खिडकीपाशी लावली. आणि खरा छळ तिथून सुरू झाला. रोज दिवेलागणीला तो बुरूज आमच्या खोलीत शिरायचा. चादर जांभळी, भिंत हिरवी, औषधाच्या बाटल्या गुलाबी. अण्णांचा चेहरा दर मिनिटाला वेगळ्या माणसाचा. ते खिडकीबाहेर बघायचे, खोलीत बघायचे आणि विचारायचे, "आपण इथे कधी आलो?"

"आपलंच घर आहे अण्णा."

"नाही. पत्ता चुकलाय. परत पाठवा मला."

मी जाड पडदे लावून बघितले. तर ते घाबरून ओरडायला लागले, मला कोंडून का ठेवलंय म्हणून. पडदा काढला की परगाव, लावला की कोठडी. दिवसा ठीक असायचे. संध्याकाळ झाली की बायकोला हात जोडून सांगायचे, "बाई, तुम्ही चांगल्या दिसता. तेवढं मला माझ्या घरी पोचवा." बायको स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि बराच वेळ तिथेच उभी राहायची.

मी पुन्हा विद्युत विभागात गेलो. तोच कारकून होता. त्याने मला ओळखलं, म्हणाला, "अभिनंदन! झालं ना काम?"

"ते दिवे बंद करायचेत."

तो विचारात पडला. "दिवा बंद आहे, अशी तक्रार असते आमच्याकडे. दिवा चालू आहे, अशी तक्रार कशी घेणार?"

"निदान रंग तरी थांबवा. निदान वरची ती माळ काढा."

"ते देखभाल ठेकेदाराकडे. आणि मूळ अर्जदाराची लेखी हरकत नसेल तरच." त्याने रजिस्टर उघडलं. "मूळ अर्जदार... अरे, तुम्हीच की!"

मी तिथेच लेखी दिलं. त्यावर निर्णय घ्यायला समिती लागते आणि समिती उद्घाटनानंतर बरखास्त झालेली असते. नगरसेवकांना भेटलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, वडिलांची चौकशी केली, त्यांचे डोळेही ओले झाले. मग म्हणाले, "पण पुलावरून काय दिसतं हो!"

तेव्हा एका रविवारी, भर दुपारी, मी बाजाराच्या पिशवीत एक स्क्रू ड्रायव्हर टाकला आणि घराबाहेर पडलो. आयुष्यात मी कधी रांग मोडलेली नाही. बसचं तिकीट चुकून वाचलं तर रात्रभर झोप लागत नाही. बुरुजाच्या बुडाशी लोखंडी पेटी होती, तिच्यासमोर मी बुटाची नाडी बांधतोय असं दाखवत बसलो. त्या दिवशी पायात चपला होत्या हे नंतर लक्षात आलं. पेटीचं दार उघडलं. आत फ्यूजच फ्यूज, बुरुजाचे, आमच्या इमारतीचे, सगळे एकत्र. मी डोळे मिटून त्यातला एक खेचला.

"तो नव्हे!" वरून ब्रिगेडियरांची आरोळी आली. "पाण्याचा पंप गेला! डावीकडचा घ्या, डावीकडचा!"

मी गारठलो. वर बघितलं तर आमच्या इमारतीच्या प्रत्येक खिडकीत एकेक डोकं होतं. मग एकेकजण खाली यायला लागला. मला वाटलं, संपलं. आता इतक्या वर्षांची अब्रू या पेटीपाशी गळून पडणार.

"आम्हालाही झोप नाही हो," खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, ज्यांच्याकडे अण्णा चहा प्यायले होते. "भिंतीवर रात्रभर रंग नाचतात. पण म्हटलं, तुम्ही एवढी खटपट करून आणलेत, बोलायचं कसं?"

डावीकडचा फ्यूज गच्च बसला होता. माझ्याने हालेना. गर्दीतून दाताचे डॉक्टर पुढे आले. त्यांनी बाह्या सारल्या, खिशातून दात काढायचा चिमटा काढला, मला म्हणाले, "बाजूला व्हा. आधी हलवायचं, मग वर." आणि अलगद, जराही न दुखवता, त्यांनी तो फ्यूज उपटला. सवयीने ते मागे वळून "चूळ भरा" म्हणणारच होते.

"कुणी विचारलं तर मी काढला म्हणून सांगा," ब्रिगेडियर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आलेला मी ऐकला. "मी एकटाच आहे. मला काय करणारेत?"

त्या संध्याकाळी मी अण्णांच्या खाटेशेजारी बसलो. उशी उंच करून त्यांना जरा उठवून बसवलं. आकाश काळसर होत गेलं. दिवे लागायची वेळ झाली, गेली. काहीच लागलं नाही. बुरूज तसाच उभा राहिला, काळा, मुका. तारेच्या सांगाड्याची बारीक रेघ अंधारात विरून गेली आणि वरची तुटकी कड आकाशापुढे हळूहळू दिसायला लागली.

अण्णा बघत राहिले. त्यांचे हात चादरीवर होते, ते सैल झाले. मग त्यांनी मोठा श्वास सोडला.

"आलो बाबा एकदाचा," ते म्हणाले.

त्यांनी मान वळवून खोलीभर नजर फिरवली. कपाट, खुंटीवरचा सदरा, दारातून दिसणारा बायकोचा पदर. सगळं ओळखीचं होतं. मग नजर माझ्यावर आली आणि थांबली. ते जरा सावरून बसले, परक्यासमोर बसतात तसे.

"तुम्ही पोचवलंत मला?"

"हो," मी म्हणालो.

"फार उपकार झाले. इतक्या लांबून आलात." ते संकोचून हसले. "थांबा म्हणालो असतो, पण अंधार पडलाय. तुमच्या घरी वाट बघत असतील. निघा आता, जपून जा."

मी तसाच बसून राहिलो, तर ते अस्वस्थ व्हायला लागले. पाहुण्याला उशीर होतोय याची त्यांना खरीखुरी काळजी वाटत होती. म्हणून मी उठलो. "येतो मग," म्हणालो, वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी चपला घातल्या आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. बायकोने आतून दार ओढून घेतलं.

"गेले का गं ते?" आतून अण्णांचा आवाज आला.

"गेले," ती म्हणाली.

"भला माणूस वाटला. कुणाचा कोण, पण घरापर्यंत आला."

थोड्या वेळाने तिने दार हळूच उघडलं. मी चपला काढून हातात घेतल्या, त्यांना चाहूल लागणार नाही अशा बेताने माझ्याच घरात शिरलो, आणि ते झोपेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिलो.